बोल्टावरची रेघ

सातारा सोडून सज्जनगड, ठोसेघर मागे टाकत चाळकेवाडीच्या पठारावर आलं की नजर आपोआप पात्यांवर जाते. पवनचक्कीचे फोटो निघतात ते पात्यांचेच. मला ज्या गोष्टीचं रसग्रहण करायचं आहे ती खालून दिसत नाही. टॉवर अखंड नसतो. पोलादी नळकांडी एकावर एक बसवून तो उभा केलेला असतो आणि प्रत्येक सांध्यावर आतल्या बाजूनं बोल्टांचं एक कडं असतं. त्यातल्या प्रत्येक बोल्टाच्या टोकावरून निघून नटावरून, वॉशरवरून खालच्या फ्लँजवर, म्हणजे नळकांड्याच्या जाड कडेवर, उतरलेली मार्करची एक रेघ असते, जेमतेम दोन बोटं लांब. ती बहुतेक वेळा एखाद्या शिकाऊ मुलानं काढलेली असते. या कामात पहिल्या वर्षी जे शिकायचं ते बहुतेक सगळं त्या रेघेत सापडतं, असं ही कामं जवळून बघत आल्यावर माझं मत झालं आहे.

रेघेचा अर्थ साधा आहे. हा नट त्या दिवशी इथवर आवळला होता. पुढच्या सर्व्हिसला जो माणूस येईल त्याला नट किंचित जरी फिरलेला असला तरी रेघ नटाच्या कडेला तुटलेली दिसेल. अनेक साइटवर दर वर्षी मार्करचा रंग बदलतात. मग एकाच बोल्टावर पिवळ्याशेजारी लाल, लालाशेजारी पांढरी अशा रेघा जमत जातात आणि त्या सांध्याचा मागल्या काही वर्षांचा इतिहास उभा राहतो.

पण रेघ आणि रेघ यांत फरक असतो. नवखा पोरगा मार्कर घेतो आणि ओढतो. खाली तेलाचा पातळ थर असतो, त्यावर शाई धरत नाही, सहा महिन्यांत पापुद्रा निघतो. कुणाची रेघ नटावर ठसठशीत असते आणि वॉशरवर उडी मारून थेट फ्लँजवर उतरते. मग नटाबरोबर वॉशर फिरलं की नट एकटाच फिरला, ते पुढच्याला कळायची सोय राहत नाही. काहींच्या रेघा मनाला येईल त्या बाजूला असतात, एक भिंतीकडे, एक पोकळीकडे, एक शेजारच्या बोल्टामागे लपलेली. हात बसलेल्या माणसाच्या रेघा पाहाव्यात. आधी फडक्यानं पुसलेलं, सुकू दिलेलं. चारही पृष्ठभागांवर न तुटता उतरलेली एकच ओढ. आणि सगळ्या रेघा प्लॅटफॉर्मवर उभ्या राहणाऱ्याच्या बाजूला तोंड करून. असं कडं असलं की टॉर्च हातात घेऊन एक फेरी मारायची, तुटलेली रेघ स्वतःहून डोळ्यात भरते. ज्यानं ती काढली त्यानं काढताना नंतर येणाऱ्याची उभं राहायची जागा डोळ्यांसमोर आणली होती. त्या दोघांची कदाचित कधी भेटही होणार नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

रेघ बाहेरून जे सांगते त्याच्या आत काय घडलेलं असतं तेही बघायला हवं. या बोल्टांच्या डोक्यावर १०.९ असा आकडा असतो. पहिल्या भागाचा अर्थ, हे पोलाद दर चौरस मिलिमीटरला साधारण १००० न्यूटन ताण सोसून मग तुटेल. दुसऱ्याचा अर्थ, त्याच्या नऊ-दशांशापर्यंत ते ताणलं तरी सोडल्यावर मूळ लांबीवर परत येईल. आवळणं म्हणजे खरं तर ताणणं. वीतभर लांबीचा बोल्ट नीट आवळला की अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लांब होतो, आणि मूळ लांबीवर परत यायच्या त्याच्या ओढीनं दोन फ्लँज एकमेकांना घट्ट चिकटून राहतात. ती पकड पुरेशी असेल तर वाऱ्याचा प्रत्येक झोका फ्लँजच्या अंगावर जातो, बोल्टाला त्यातलं फार थोडं कळतं. पकड कमी पडली की तोच झोका थेट बोल्टावर येतो, दर फेऱ्याला येतो, वर्षभर येत राहतो, आणि एक दिवस बोल्ट थकून तुटतो.

आता गंमत अशी की पान्यानं लावलेला सगळा जोर ताणायच्या कामी येतच नाही. शंभर भाग जोर लावला तर अंदाजे पन्नास नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातात, चाळीस आट्यांमधल्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा. म्हणजे आट्यांत गंज किंवा धूळ असली आणि घर्षण थोडं वाढलं, तर पान्याच्या हायड्रॉलिक पंपाचं घड्याळ बरोबर आकडा दाखवेल आणि बोल्ट मात्र अर्धवटच ताणलेला राहील. म्हणून आटे ब्रशनं साफ करून त्यावर आणि नटाच्या बुडाला घर्षण कमी करणारी काळी मोली पेस्ट लावतात. हे काम कुणाला दिलं जातं? सगळ्यांत नव्या पोराला. पेस्टचा डबा, ब्रश, फडकं. बाहेरच्याला वाटतं, याला अजून काही येत नाही म्हणून किरकोळ काम दिलंय. प्रत्यक्षात तो सांधा धरून राहणार की नाही हे त्या ब्रशवर बरंचसं ठरत असतं. जाणती माणसं हे काम शिकाऊ मुलाला देतात आणि करताना त्याच्या हाताकडे बघत बसतात.

रेघेची मर्यादाही शिकाऊ मुलाला लवकर कळावी लागते. रेघ अखंड आहे म्हणून बोल्ट ठीक आहे असं होत नाही. रंगाचे थर दबतात, दोन पृष्ठभागांतले बारीक उंचवटे बसतात, नट जागचा न हलताही ताण उतरतो. म्हणून नवं मशीन सुरू झाल्यावर साधारण ५०० तासांनी सगळे बोल्ट पुन्हा आवळायची पद्धत आहे आणि पुढे दर वर्षी त्यातले काही निवडून तपासतात. निवडलेल्यातला एखादा ठरलेल्या कोनापेक्षा जास्त फिरला तर त्या कड्यातले सगळे तपासायचे. त्या वेळी दिवस मावळायला आलेला असतो, खाली जीप वाट बघत असते, आणि फिरलेला बोल्ट एकच असतो. तो बघितल्याचं सांगायचं की नाही, हे ठरवणारा बऱ्याचदा तो शिकाऊ मुलगाच असतो, कारण नटाजवळ तोच वाकलेला असतो.

ही मुलं येतात कुठून? मी ज्यांना ओळखतो ती बहुतेक पाटण, जावळी, कोरेगाव, माण या तालुक्यांतली. दोन वर्षं आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा फिटर, मग १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली अप्रेंटिस म्हणून साइटवर. विद्यावेतन बेताचं. तिघं-चौघं मिळून खोली घेतात, पहाटे डबे भरतात, सात-साडेसातला जीप. आयटीआयमध्ये मोटर उघडली असते, स्टार्टर जोडला असतो, पण ते सगळं जमिनीवर. इथं तेच काम ऐंशी मीटरवर करायचं असतं.

पठारावर आता दोन पिढ्यांची मशीन आहेत. जुनी लहान, काहींचे टॉवर जाळीचे. तिथं चढणारा वाऱ्यातच असतो. पुढची मोठी. सुझलॉनचं एस-८८ घेतलं तर हब, म्हणजे पाती जिथं जोडलेली असतात तो मधला भाग, ८० मीटरवर आणि पात्यांच्या वर्तुळाचा व्यास ८८ मीटर. अशा टॉवरच्या आत शिडी असते, अडीचशेच्या वर पायऱ्या. अंगात हार्नेस, छातीशी फॉल अरेस्टर, तो शिडीच्या मधल्या तारेवर सरकत येतो आणि पाय घसरला तर तिथंच पकडतो. पहिल्या आठवड्यात सगळी पोरं हातांनी चढतात. पंचवीस मीटरच्या पहिल्या प्लॅटफॉर्मवर त्यांचे दंड भरून येतात, बोटं वळत नाहीत. सिनियर तेवढं होऊ देतो, मग सांगतो, हात शिडी धरायला, उचलायचं पायांनी. त्यानंतर चढण्याला एक लय येते. जाणकाराला टॉवरच्या पायथ्याशी उभं राहून नुसत्या बुटांच्या आवाजावरून कोण चढतंय ते ओळखता येतं, आणि कोण आज थकलेला आहे तेही.

खिशात काही न्यायचं नाही. किल्ली, नाणं, मोबाईल, काही नाही. हत्यारं होइस्टनं वर जातात आणि प्रत्येकाला दोरी. ऐंशी मीटरवरून सुटलेला नट हवेचा अडथळा सोडला तर चार सेकंदांत जमिनीवर येतो आणि तेव्हा त्याचा वेग ताशी १४० किलोमीटरच्या आसपास असतो. हे गणित आयटीआय झालेल्या पोराला कागदावर करता येतं. वर हॅचजवळ वाकून हातातलं फडकंसुद्धा जपून धरायची सवय मात्र त्याला वेगळी लावावी लागते.

टॉवरच्या माथ्यावर यंत्र असलेल्या खोलीत, म्हणजे नॅसेलमध्ये, पहिल्यांदा उभं राहिलं की पायाखालचं सगळं हलतं. टॉवर डोलतो, जाऊन परत यायला साधारण तीन सेकंद. नवखा कशालातरी धरून उभा राहतो आणि त्याला मळमळतं. सिनियर त्याला काम देतो, टॉर्च धर, फिल्टरचं झाकण पूस. लक्ष हातात गेलं की पोटातली खळबळ बसते. मला या शिकवणीतला शहाणपणा आवडतो. ‘घाबरू नकोस’ असं कुणी म्हणत नाही.

टॉर्किंगच्या, म्हणजे बोल्ट आवळायच्या, वेळचं एक दृश्य मी जवळून पाहिलंय. हायड्रॉलिक टॉर्क रेंच नटावर बसवायचं काम मुलाकडे, पंपाचं बटण सिनियरकडे. रेंचचा आधार शेजारच्या नटावर टेकवावा लागतो. बटण दाबलं की तो आधार प्रचंड जोरानं तिथं रुततो आणि मध्ये बोट असेल तर ते राहत नाही. सिनियर दर वेळी विचारायचा, “हात कुठंयत?” मुलगा दोन्ही हात वर करून म्हणायचा, “वर हायत, दादा.” मग बटण. पुढचा नट. “हात कुठंयत?” “वर हायत.” कड्याची एक बाजू संपेपर्यंत हे सवालजबाब चालले. एकदाही त्या प्रश्नात कंटाळा आला नाही, उत्तरही गृहीत धरलं गेलं नाही. मी असतो तर तिसऱ्या-चौथ्या नटानंतर विचारणं सोडलं असतं. न सोडणं हीच तिथली तालीम होती, आणि ती दोघांची चालली होती.

शिकाऊ मुलाला या नोकरीत स्वतःची म्हणून मिळणारी सगळ्यांत महत्त्वाची वस्तू म्हणजे एक लाल कुलूप. मशीनवर काम सुरू करण्याआधी वीज ज्या ठिकाणाहून येते तिथला स्विच बंद करून त्याला कुलूप आणि नावाची चिठ्ठी लावतात. आत काम करणाऱ्या प्रत्येकाचं वेगळं कुलूप, आणि प्रत्येकाची किल्ली त्याच्या स्वतःच्या ताब्यात. सगळी कुलपं निघाल्याशिवाय स्विच चालू होऊ शकत नाही. इंजिनियर असो, कंत्राटदार असो, वरच्या ऑफिसातला कुणी असो, त्या मुलाचं कुलूप त्याच्याशिवाय काढायचा अधिकार कुणाला नाही. गावात, कॉलेजात, कुठंच ज्याच्या शब्दाला अजून वजन आलेलं नाही अशा वीस वर्षांच्या पोराच्या हातात एवढा मोठा नकार ठेवणारी दुसरी व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही.

हबमध्ये शिरायचं तर रोटर लॉक करावा लागतो. ब्रेकच्या चकतीजवळून रोटर हळूहळू फिरवत छिद्रासमोर छिद्र आणायचं आणि पिन सारायची. हेही दोघांचं काम, एक फिरवणारा, एक छिद्राला डोळा लावलेला. आत बिडाची काळोखी पोकळी, तिन्ही पात्यांची तोंडं तीन बाजूंना, आणि बेअरिंगमधून बाहेर आलेलं जुनं ग्रीस.

त्या ग्रीसजवळ थांबायला हवं, कारण शिकाऊ मुलाची नजर तिथं तयार होते. बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाकणं हे काम कुणालाही जमेल. मी ज्याच्याबरोबर होतो त्या मुलाला पुसण्याआधी ते पांढऱ्या कागदावर घेऊन टॉर्चखाली धरायला शिकवलं होतं. रंग कसा आहे, मूळचा की काळवंडलेला? पाणी शिरून दुधट झालंय का? आत काही चमकतं का? गिअरबॉक्सच्या तेलाचंही तसंच. पाती मिनिटाला पंधरा-सतरा फेरे घेतात आणि जनरेटरला दीड हजारांच्या आसपास लागतात. ही सगळी वाढ गिअरबॉक्सचे दात करतात आणि त्यांची झीज तेलात उतरते. तेलाच्या वाटेत चुंबक असतो. त्यावर जमलेला काजळासारखा मऊ काळा थर ही रोजची झीज, ती चालायची. पण हातमोजा काढून अंगठा-तर्जनीत चोळल्यावर काही टोचलं तर थांबायचं. टोचणारा कण म्हणजे कुठल्यातरी दाताचा किंवा बेअरिंगचा तुकडा निघाला आहे. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जातोच, त्याचा अहवाल येतोच, तरी चांगला सिनियर मुलाला आधी बोटांनी काय वाटलं ते वहीत लिहायला लावतो. अहवाल आल्यावर दोन्ही शेजारी ठेवून बघतात. बोटांना असं वळण लागायला माझ्या मते एक उन्हाळा पुरत नाही.

कानाचं शिक्षण त्याहून हळू होतं. मिनिटाला सतरा फेरे आणि तीन पाती म्हणजे पायथ्याशी उभ्या माणसाला मिनिटाला एक्कावन्नदा सुस्कारा ऐकू येतो, जवळजवळ सेकंदाला एक. त्यातल्या दर तिसऱ्या सुस्काऱ्याला बारीक शीळ असेल तर तीनपैकी एका पात्याला काहीतरी झालं आहे. बऱ्याचदा टोकाकडची पुढची कड खरवडलेली असते. पात्याचं टोक ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या वेगानं जातं, आणि त्या वेगाला कोयनेकडून येणारा पाऊस चार महिने समोरून आदळला की कडेचा थर झिजत जातो. कधी वीज पडून टोकाला भोक पडलेलं असतं. हे ऐकू येण्यासाठी आधी निरोगी पात्याचा आवाज कानात पुरता बसलेला असावा लागतो. म्हणून त्या मुलाच्या सिनियरनं त्याला सांगून ठेवलं होतं की कुठल्याही लोकेशनला गेलास की जीपमधून उतरून आधी मिनिटभर गप उभा राहा, मग पॅनेल उघड. शेजारची मंडळी तेवढ्यात चहाचा थर्मास काढतात. मुलगा मान वर करून उभा असतो. मला ते मिनिट रियाजाच्या दर्जाचं वाटतं आणि हे मी पूर्ण विचार करून म्हणतो आहे.

या कामाला शिकाऊ मुलांची परंपरा किती जुनी आहे हे फार जणांना ठाऊक नसतं. डेन्मार्कमधल्या आस्कोव्हच्या लोकविद्यालयात पॉल ला कूर हे शिक्षक होते. १८९१ मध्ये त्यांनी तिथं वीज करणारी पवनचक्की उभी केली. नंतर त्यांना जाणवलं की यंत्र गावोगाव जाईल, पण ते चालतं ठेवणारी माणसं गावात हवीत. १९०३ मध्ये पवन-विजेच्या प्रसारासाठी संस्था निघाली आणि १९०४ मध्ये आस्कोव्हला खेड्यांतल्या मुलांसाठी वीजतंत्राचे वर्ग सुरू झाले. पहिल्या विद्यार्थ्यांत योहानेस यूल नावाचा एक मुलगा होता. पुढे सबंध आयुष्य विजेच्या कामात घालवल्यावर, साठी ओलांडल्यावर, तो पुन्हा वाऱ्याकडे वळला. १९५७ मध्ये गेडसर इथं त्यानं उभारलेलं २०० किलोवॉटचं तीन पात्यांचं यंत्र फारशी दुरुस्ती न मागता अकरा वर्षं चाललं. वेग हाताबाहेर गेला तर पात्यांची टोकं आपोआप आडवी वळून फेरा रोखतील, ही युक्ती त्याचीच. आज जगभर दिसणाऱ्या तीन पात्यांच्या यंत्रांवर गेडसरची छाप आहे. आणि १९८६ मध्ये आपल्याकडे रत्नागिरीत, गुजरातेत ओख्याला पहिल्या पवन-वीज प्रकल्पांसाठी जी यंत्रं आली ती डेन्मार्कचीच होती, व्हेस्टासची, ५५ किलोवॉटची.

यूलचं यंत्र एवढं निगुतीचं का झालं, याचं उत्तर मला त्याच्या शिक्षणात दिसतं. ज्याला सतरा-अठराव्या वर्षी यंत्र चालतं ठेवायचं काम शिकवलं गेलं, त्यानं म्हातारपणी यंत्र रचताना दुरुस्तीला चढणाऱ्याचा विचार आधी केला. आपल्याकडे रचणारे वेगळ्या कॉलेजातून येतात आणि चढणारे आयटीआयमधून, दोघांची गाठ पडते ती वॉरंटीच्या भांडणात. चाळकेवाडीच्या एखाद्या मुलाला पुढे रचनेच्या टेबलापर्यंत जायची वाट हवी, असं मला तळमळीनं वाटतं. कुठल्या झाकणाचा बोल्ट काढायला हात पोचत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

पठाराचंही काही देणं आहे. हा सडा जांभ्याचा. एप्रिल-मेमध्ये दगडादगडावर सरडे गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडून बसलेले असतात. याच पठारावर मारिया ठक्कर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी अभ्यास केला, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी दिसले, म्हणून सरडे वाढले आणि त्यांचा बुजरेपणाही कमी झाला, असं त्यांना आढळलं. टॉवरच्या पायरीवर डबा खाणाऱ्या मुलांनाही सरडे जवळ येतात हे माहीत असतं. त्यामागचं कारण त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. हा अभ्यास शिकाऊ मुलांच्या वर्गात शिकवावा. आपण ज्या यंत्राची निगा राखतो ते या जागेवर आणखी काय करतं, हे त्यांना समजायलाच हवं.

मग येतो सीझन. सर्व्हिसची कामं वारा कमी असतो त्या महिन्यांत उरकलेली असतात, कारण जून ते सप्टेंबर हे कमाईचे दिवस. शेजारी सडावाघापूरला कड्यावरून पडणारं पाणी याच वाऱ्यानं उलटं वर उडतं आणि लोक ते बघायला गर्दी करतात. अशा वाऱ्यात मशीन बंद पडलं की प्रत्येक तासाचा हिशेब मागितला जातो. आणि नेमक्या त्याच वाऱ्यात वर चढायला मनाई असते.

जुलैतला एक दिवस माझ्या लक्षात आहे. विंड व्हेनचा सिग्नल जातो म्हणून एक मशीन दोन दिवसांत अनेकदा थांबलं होतं. विंड व्हेन म्हणजे वारा कुठून येतो ते सांगणारी नॅसेलवरची छोटी शेपटी. सिनियर आणि तो मुलगा पायथ्याशी पोचले तेव्हा पॅनेलवर वाऱ्याचा वेग चढण्याच्या मर्यादेच्या वर होता. फोन येत होते, किती वेळ लागेल? सिनियरनं आकडा वाचून दाखवला, चढणार नाही म्हणाला आणि फोन ठेवला. पुन्हा आला, पुन्हा तोच आकडा, तोच सूर. आवाज चढला नाही, सबबही जोडली नाही. शिकाऊ मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता.

दोघं जीपमध्ये बसले. धुक्यात टॉवर वीस फुटांवर दिसेनासा झाला होता. सिनियरनं पॅनेलवरून उतरवून घेतलेली फॉल्टची यादी मुलाच्या मांडीवर ठेवली. “बघ काय दिसतंय.” तारीख, वेळ, फॉल्टचा क्रमांक, पुन्हा तारीख, वेळ, क्रमांक. मुलानं आधी व्हेन खराब असेल असं सांगितलं. सिनियर काही बोलला नाही. मुलगा पुन्हा यादीत शिरला. बऱ्याच वेळानं म्हणाला, “दादा, ह्यो फॉल्ट आपापला येत न्हाई. दर टायमाला आधी यॉ मोटर चालू झाल्या आन् मग आलाय.” यॉ मोटर नॅसेलचं तोंड वाऱ्याकडे फिरवते तेव्हा जो हादरा बसतो तो बसला की सिग्नल जातो, म्हणजे व्हेन बरी आहे, तार कुठंतरी सैल आहे. खाली बसून, नुसत्या वेळा ताडून त्यानं हे काढलं होतं. सिनियरनं मान हलवली आणि वर न्यायच्या पिशवीतून नवी व्हेन काढून ठेवली.

संध्याकाळी वारा उतरला तेव्हा दोघं चढले. सापडलं ते अपेक्षेप्रमाणे. खाली आल्यावर रजिस्टरमधली नोंद त्या दिवशी मुलाला लिहायला दिली होती. सहीचा अधिकार त्याला नव्हता, अक्षर त्याचं होतं.

“विंड व्हेनच्या तारेचं टर्मिनल सैल. आवळलं. त्याच पट्टीवरची बाकीची सगळी टर्मिनलं तपासली, आणखी दोन अर्धा फेरा फिरली. यॉ दोन्हीकडे चारदा फिरवून बघितला, फॉल्ट आला नाही. व्हेन बदललेली नाही.”

यातलं पहिलं वाक्य कुणीही लिहिलं असतं. दुसऱ्या दोन टर्मिनलांची नोंद करायची सक्ती नव्हती. फॉल्ट त्यांच्यामुळे नव्हता आणि ती आवळून गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. पण एकाच पट्टीवर तीन सैल निघाली, म्हणजे ती पट्टी मूळ जोडणीतच घाईनं आवळली गेली असणार, आणि त्याच बॅचच्या शेजारच्या मशीनांतही तसंच असायची शक्यता आहे. हे अनुमान मुलानं लिहिलेलं नाही, तो त्याचा अधिकारही नव्हता. ज्याला ते काढायचं आहे त्याला लागणारी माहिती मात्र त्यानं पुरवली आहे. शेवटचं वाक्यही बघण्यासारखं आहे. व्हेन बदललेली नाही, असं लिहून ठेवल्यामुळे पुढे कधी खरोखर व्हेन गेली तर ती जुनीच आहे हे येणाऱ्याला कळेल. आठवड्याभरानं सिनियरनं शेजारच्या चार लोकेशनच्या पट्ट्या तपासायच्या यादीत घातल्या.